परींचा कायदा आणि रायापूरचा बिबट्या

माझं नाव मी सांगणार नाही. त्याला कारण आहे, आणि ते कळल्यावर तुम्हीही काही दिवस आपलं नाव सांगताना आधी इकडंतिकडं बघाल. धारवाडच्या मळमड्डीत मला सगळे अण्णा म्हणतात. तुम्हीही अण्णाच म्हणा, बिघडत नाही.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. आमची नात वेदश्री दहावीची परीक्षा देऊन हुबळीहून आमच्याकडे धारवाडला राहायला आली. कपड्यांची एक लहानशी पिशवी आणि पुस्तकांची एक भली मोठी बॅग. पुस्तकं अशी जाड की पहिल्याच दिवशी आमच्या हिनं, म्हणजे विमलानं, त्यातलं एक नव्या लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलं. त्यावरून घरात पहिली चकमक झाली. वेदश्रीनं पुस्तक उचलून घेतलं, पदरानं पुसायला लावलं आणि छातीशी धरलं. मुखपृष्ठावर टोकदार कानांचा एक देखणा पोरगा तलवार घेऊन उभा होता. चेहरा असा, की हॉलतिकीट घरी विसरून परीक्षेला आलाय.

"हा कोण?" मी विचारलं.

"परी."

"मिशा फुटायला लागलेली?"

"अज्जा, पुरुषपण असतात त्यांच्यात."

मला आजवर माहीत असलेली परी म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमध्ये पुठ्ठ्याचे पंख लावून येणारी आणि पहिल्याच वाक्याला रडायला लागणारी मुलगी. ही जात वेगळी निघाली. हे लोक उंच, सुंदर आणि वाईट. टेकड्यांच्या पोटात दरबार भरवतात. माणसाशी करार करतात, त्यात माणूस बुडतो. त्यांनी दिलेलं खाल्लं की तुम्ही त्यांचे झालात, सुटका नाही. आणि मुख्य म्हणजे, त्यांना खोटं बोलता येत नाही.

"बोलत नाहीत की येत नाही?"

"येत नाही, अज्जा. जीभच वळत नाही."

मला त्या बिचाऱ्यांची फार दया आली.

विमला शेजारी बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "यात नवीन काय आहे? माझ्या आजोळच्या विहिरीत साती आसरा होत्या. सात बहिणी. त्यांचंही असंच. भर दुपारी विहिरीवर नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही. आणि हिरवी चोळी-बांगडी कबूल केली की द्यायचीच. विसरलं की संपलं."

वेदश्री पुस्तक टाकून अज्जीजवळ सरकली. पुढचा तासभर त्या दोघींचं जे जमलं ते जमलंच. आसरा विमलाच्या आजोळच्या, परी साता समुद्रापलीकडच्या, आणि शेंगा सोलायचं काम माझ्याकडे आलेलं.

आता माझी अडचण समजून घ्या. गावात गोष्टी सांगायचा मान माझा आहे. आणि माझ्या सगळ्या गोष्टींची राणी म्हणजे रायापूरच्या बिबट्याची गोष्ट. हुबळीहून स्कूटरवर येताना वाटेत रायापूरला मला बिबट्या भेटला, त्याची. ही गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत सांगितली आहे, डॉक्टरच्या बाहेरच्या बाकावर सांगितली आहे, एकदा तर शोकसभेत सांगितली आहे आणि मयताच्या भावानं दोन ठिकाणी टाळ्या दिल्या आहेत. वेदश्री लहानपणी माझ्या मांडीवर बसून ती ऐकायची आणि "परत" म्हणायची.

त्या संध्याकाळी मी घसा साफ केला. "हुबळीहून निघालो तेव्हा—"

वेदश्रीनं हात वर केला. "राहू दे अज्जा."

"का?"

"तुमच्या गोष्टीत नियमच नसतात. काहीही होतं. आमच्या परींना कायदा असतो. एक शब्द चुकला की जीव जातो. म्हणून वाचावंसं वाटतं."

मी गप्प बसलो. मी गप्प बसलो की विमला ताप बघायला कपाळाला हात लावते. तिनं लावला.

नंतर उलगडा झाला, की वेदश्री स्वतःच परींची कादंबरी लिहीत होती. मराठीत! परींचा दरबार धारवाडच्या टेकडीखाली भरवला होता आणि त्यात एक म्हातारा दरबारी होता. हा खोटं बोलू शकत नाही, पण याच्या तोंडून कुणाला खरंही काढता येत नाही. तो म्हातारा तिला काही केल्या जमत नव्हता. तीन दिवस तो दाराशी उभा होता आणि त्याला बोलता येत नव्हतं.

"असा माणूस असतो का, तेच कळत नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघत राहिली. ते बघणं मला आवडलं नाही.

"अज्जा, करार करू या? पुढच्या रविवारी अप्पा मला न्यायला येतील. तोपर्यंत तुम्ही परींच्या कायद्यानं राहून दाखवा. जमलं, तर बिबट्याची गोष्ट मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकेन. मध्ये एक शब्द बोलणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ती गोष्ट तुम्ही परत कधी, कुणालाच सांगायची नाही."

विमलाच्या हातातली शेंग हातातच राहिली. "पोरी, काहीतरी दुसरं माग ग. पेन्शन माग."

पण माझ्या गोष्टीत नियम नसतात म्हणालेली पोरगी समोर बसली होती. मी हो म्हणालो.

कायदा असा: खोटं बोलायचं नाही. दिलेला शब्द पाळायचा. आपलं नाव कुणाला सांगायचं नाही. आभार मानायचे नाहीत. आणि लोखंडाला हात लावायचा नाही.

"म्हणजे तवा, विळी, गॅसची टाकी, कशालाच हात लावणार नाही," विमला म्हणाली. "मग फरक काय पडला?"

आभारांची मला चिंता नव्हती. आपल्याकडं आभार मानायला स्टेज, माइक आणि हार लागतो. घरात कोण मानतंय? खोट्याचं मात्र पहिल्याच सकाळी जिवावर आलं. समोरच्या मथुराक्का वाटीभर सांडगे तळून घेऊन आल्या. मथुराक्कांचे सांडगे ही आमच्या गल्लीतली परंपरा आहे. दात असलेल्यांना ते जपून खावे लागतात आणि नसलेल्यांना ते दिवसभर पुरतात.

"कसे झालेत अण्णा?"

वेदश्री खांबाला टेकून उभी. मी तोंडातला सांडगा डाव्या गालात सरकवला. "मथुराक्का," मी म्हणालो, "असे सांडगे मी आयुष्यात दुसरीकडं कुठं खाल्लेले नाहीत."

मथुराक्का लाजल्या. वेदश्रीनं मान डोलावली आणि आत जाऊन काहीतरी खरडून आली. मला वाटलं, जमतंय की!

तिथंच घात झाला. आपल्याला जमतंय असं वाटणं ही कुठल्याही संकटाची पहिली पायरी असते. फाटकावरून प्रभंजन वकील चालले होते. केसांना नवा रंग, हातात दुधाची पिशवी. आमच्या शेजारीच राहतात. दोन इकडचं तिकडचं बोललो, ते निघाले, आणि निघणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? माझी जीभ आपोआप वळली. "या की एकदा जेवायला!"

"येऊ की," वकील म्हणाले.

"कधी?" व्हरांड्यातून आवाज आला.

"कधी म्हणजे?" मी म्हणालो. "एकदा."

"शब्द दिलात अज्जा."

मी तिला समजावलं, की बाळ, हा शब्द नव्हे. आमच्याकडं निघताना चप्पल घालतात तसं हे म्हणतात. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. कुणी खरंच जेवायला येऊन बसलं तर तो उद्धटपणा ठरेल. प्रभंजन वकिलांनी तिथंच उभं राहून माझी बाजू मांडली. "हा प्रस्ताव आहे, करार नव्हे. तारीख नाही, वेळ नाही, पदार्थ नमूद नाहीत. कुठलंही कोर्ट हे मानणार नाही." आणि मग वकिलाची जात, एक वाक्य जास्त बोलून गेले. "हे तर अण्णा मला आम्ही शेजारी झाल्यापासून म्हणतायत. मी आलो का कधी?"

वेदश्रीचे डोळे चमकले. "शेजारी झाल्यापासून?"

"हौदु की, हो तर."

"अज्जा, परींकडं दिलेला शब्द शिळा होत नाही. हजार वर्षांनीसुद्धा पाळावा लागतो. आणखी कुणाकुणाला म्हणालाय?"

मी म्हणणार होतो, कुणालाच नाही. जीभ टाळूला चिकटली. आतून विमला बाहेर आली आणि मोठ्यानं आठवू लागली. माझ्या बायकोला काल काय खाल्लं आठवत नाही, पण मी कुणाला कुठं उभं राहून काय म्हणालो ते लख्ख आठवतं. हुबळीचे कापडवाले संजीवशेठ, आमच्या लग्नाचा बस्ता त्यांच्या दुकानातला, तेव्हापासून. तिथल्याच गोकुळ रोडचा रामू मेस्त्री, माझी स्कूटर जितक्या वेळा उघडली तितक्या वेळा. बँकेतला तो, सोसायटीतली ती, माझ्या बरोबरचे सगळे मास्तर, त्यांच्या बदल्या होऊन आलेले मास्तर. बसमध्ये शेजारी बसलेला एक सोंडूरचा माणूस, सुदैवानं त्याचा पत्ता नव्हता.

"कन्नडमध्ये म्हणालेलं धरायचं का?" मी शेवटचा प्रयत्न केला. "'ऊटक्क बर्री' हे तर नुसतं..."

"धरायचं," दोघी एकदम म्हणाल्या.

मला वाटलं होतं, विमला भडकेल. ती चक्क फाटकाला टेकून हसत होती. "इतकी वर्षं मी या फाटकाशी उभी राहून ऐकतेय, 'या जेवायला, या जेवायला'. मनात म्हणायची, देवा, यातलं एक जरी खरंच आलं तर घरात भाजी काय आहे? आता येऊ देत सगळे. रविवारी पुरणपोळी करू. आचारी बोलवा."

मग आमंत्रणाला निघालो. स्कूटर लोखंडाची, म्हणून रिक्षा. रिक्षाही पत्र्याचीच, पण वेदश्रीनं मांडीवर हात ठेवून मध्यभागी बसायची सवलत दिली. अशा पूजेच्या समईसारख्या अवस्थेत मी धारवाड आणि हुबळी फिरलो. घरोघरी गोंधळ एकच. "रविवारी जेवायला या" म्हटलं की लोक म्हणत, "येऊ की कधीतरी." मी म्हणायचो, "कधीतरी नव्हे, रविवारी." मग चेहरे उतरत. आतून बायको येई, हलक्या आवाजात विचारी, "अण्णा, तब्येत बरी आहे न्हवं? डॉक्टर काय म्हणाले?" संजीवशेठ तर गल्ल्यावरून उठून बाहेर आले, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "असं निरोपाचं बोलू नका."

घरात एवढी माणसं मावणार नव्हती. गल्लीत मांडव घालायचा, तर परवानगी हवी. म्हणून वॉर्डाच्या कचेरीत गेलो. तिथं शेषगिरी नावाचे कारकून होते. नव्यानं बदलून आलेले, म्हणजे मला न ओळखणारे, धारवाडात उरलेले शेवटचे गृहस्थ.

"हेसरु?" त्यांनी अर्ज पुढं ओढून विचारलं.

नाव! मी सावरून बसलो. "तुम्ही मला अण्णा म्हणू शकता."

"म्हणतो की. नाव काय?"

"लोक मला अण्णाच म्हणतात."

"आणि आधार कार्डवर?"

"ते मी सांगू शकत नाही."

शेषगिरींनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, घातला, मी अजून तिथंच होतो. "पोलिसांचं काही आहे का?"

"नाही. लोखंडाला हात लावत नाही, म्हणून ही खुर्ची पण ओढली नाही. बाकी सगळं ठीक आहे."

शेवटी अर्ज विमलाच्या नावानं भरायचा ठरला. पुढचा रकाना: कार्यक्रमाचं कारण. लग्न, मुंज, बारसं, काहीही सांगून टाकलं असतं. एरवी तर चारही मुलांची लग्नं एका मांडवात लावली असती, मला मुलगा एकच असला तरी. पण खोटं बोलायचं नव्हतं. मी विचार करून म्हणालो, "वचनपूर्ती."

शेषगिरी खुर्चीत ताठ झाले. आवाज एकदम मऊ. "याव पार्टी री, सर?"

"पार्टी नाही. जेवण आहे."

"तेच. कुठल्या पक्षाचं?"

"पक्षाचं नाही. मी लोकांना शब्द दिला होता, तो पाळायचाय."

"अपक्ष," शेषगिरी पुटपुटले. नाव न सांगणारा, आश्वासनं पाळणारा अपक्ष त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला असावा. उठून दारापर्यंत सोडायला आले. आणि दारात, सांगायला नको, माझी जीभ म्हणालीच, "रविवारी जेवायला या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात माणसं. अण्णा महापालिकेला उभं राहतायत, ही बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. एकाला नळाला पाणी हवं होतं, एकाला मुलाची बदली. प्रभंजन वकील सल्लागार म्हणून खुर्ची टाकून बसलेले. मी कुणालाच काही कबूल करू शकत नव्हतो, आणि उभं राहत नाही हे माझं म्हणणं तर कुणी मानतच नव्हतं. उभं राहणारे आधी हेच म्हणतात म्हणे. मथुराक्कांनी त्यांच्या दारापुढच्या तुंबलेल्या गटाराचं सांगितलं. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "पाहतो."

"पाहतो म्हणालात," वेदश्रीनं मागून आठवण केली. "आता पाहा."

गेलो. भर उन्हात, छत्रीखाली, गटाराकडं पाहत उभा राहिलो. लोखंडाच्या दांड्याची छत्री वेदश्रीनं धरली होती, एवढंच. शब्द पाळायचा तर किती वेळ पाहायचं असतं, हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नव्हतं. येणारेजाणारे थांबू लागले. तेही पाहू लागले. कुणीतरी फोटो काढला. चहाच्या सुमारास दोन माणसं फावडी घेऊन आली आणि घाईघाईनं गटार साफ करून गेली. आजवर कितीतरी जणांनी त्या गटाराबद्दल "करतो" म्हटलं होतं. नुसतं "पाहतो" म्हणून खरोखर पाहणारा माणूस त्या गटारानं बहुधा पाहिला नव्हता.

मी मात्र खचलो होतो. निवृत्त मास्तर, गटारासमोर उभा, वर्तमानपत्रात झळकायच्या तयारीत! रात्रीच्या जेवणाला मी वेदश्रीला म्हणालो, "हा कायदा माणसांसाठी नाही ग." ती म्हणाली, "सोडता? मग बिबट्या गेला." मी मुकाट भात कालवला.

रविवार उजाडला. सकाळपासून मागच्या अंगणात आचाऱ्याच्या चुली पेटल्या, पुरणाचा वास गल्लीभर. मला वाटलं होतं, निम्मे लोक येणार नाहीत. तोंडदेखलं आमंत्रण तोंडदेखलंच स्वीकारतील. पण विमलानं सगळ्यांना आधीच फोन करून सांगितलं होतं, "नाही आलात तर मी समजेन, इतकी वर्षं तुम्हीच खोटं बोलत होता." सगळे आले. संजीवशेठ कुटुंबासह. रामू मेस्त्री धुतलेल्या शर्टात, नखांत मात्र तेच तेल. शेषगिरी, हातात पेढ्याचा पुडा. नळवाले, बदलीवाले. मुलगा श्रीहर्ष आणि सून अर्चना हुबळीहून वेदश्रीला न्यायला आले, ते फाटकातच थबकले. "अप्पा, कुणाचं लग्न आहे?" श्रीहर्षनं मला विचारलं.

पंगती उठल्या. एवढी माणसं माझ्या घरी जेवली आणि कुणीही आभार मानले नाहीत, हे बघून परीराज्यात आमची चांगलीच वट झाली असती. पान-सुपारी फिरली. मग प्रभंजन वकील मांडवाच्या खांबाला टेकले, पोटावरून हात फिरवला आणि मला ज्याची धास्ती होती तेच बोलले.

"अण्णा, आता बिबट्या होऊन जाऊ द्या!"

"बिबट्या! बिबट्या!" सगळा मांडव.

पाट ओढून लोक सरसावून बसले. वेदश्री पहिल्या रांगेत, हनुवटी हातावर. तिनं काही बोलायची गरजच नव्हती. सांगितली तर खोटं, म्हणजे गोष्ट जन्माची गेली. नाही सांगितली तर या सगळ्या पोटभर जेवलेल्या माणसांपुढं माझी काय शोभा राहणार? समोर मथुराक्का सांडगा चघळत बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघता बघता मला एकदम सुचलं.

"रायापूर कुठं आहे, माहीत आहे का सगळ्यांना?" मी विचारलं.

"आहे!"

"माझ्याकडं स्कूटर होती की नव्हती?"

"होती!" रामू मेस्त्री उभाच राहिला. "किती वेळा उघडलीय मी ती!"

"ती रायापूरला बंद पडत असे की नसे?"

"रायापूरलाच पडायची!"

"मग संध्याकाळची वेळ, आजूबाजूला कोणी नाही, मागं खसफस आवाज आला, तर माणूस वळून बघेल की नाही? आणि वळून बघितलं तर काय दिसेल?"

"बिबट्या!" सगळा मांडव ओरडला.

"केवढा?"

"रेड्याएवढा!" मथुराक्का.

"रेड्याएवढा कसा असेल?" वकील उसळले. "वासराएवढा. अतिशयोक्ती नको. पण शेपूट मात्र स्कूटरच्या दिव्यापर्यंत."

"आणि मग तो कुठं बसला?"

"मागच्या सीटवर!"

"त्या सीटचं कव्हर मी बदललंय!" रामू छातीवर हात ठेवून म्हणाला. "पाच नखं स्पष्ट!"

शेषगिरी एकटेच नवे. डोळे विस्फारून ते शेजाऱ्याला विचारत होते, "मग हे काय म्हणाले त्याला? एन हेळिद्री?"

मी हात पसरले. "मी काय म्हणालो असेन?"

आणि सगळा मांडव, संजीवशेठच्या लहान नातवापासून, एका सुरात म्हणाला, "नीट धरून बस, पुढं खड्डा आहे!"

टाळ्या, हशा. टोलनाक्याला पोलीस दिसला आणि हेल्मेट नाही म्हणून बिबट्या आधीच उतरला, हे संजीवशेठनी सांगितलं. त्यानं पंजा वर करून निरोप घेतला, हे अर्चनानं, माझ्या सुनेनं. मी एक वाक्य खोटं बोललो नव्हतो. मी नुसतं विचारत होतो. आणि श्रोते असे रंगले होते, की इतक्या वर्षांत ही गोष्ट इतकी चांगली कधी झाली नसेल.

"आणि उतरताना अण्णा त्याला काय म्हणाले?" वकिलांनी विचारलं.

"या की एकदा जेवायला!" मांडव गर्जला.

वेदश्रीनं हनुवटीचा हात काढला. "अज्जा," ती म्हणाली, "सरळ सांगा. प्रश्न विचारायचा नाही. तुम्ही त्याला जेवायला बोलावलंत का?"

मी सगळ्यांकडं बघितलं, मग विमलाकडं.

"माझ्या स्कूटरवरून उतरलेल्या कुणालाही," मी सावकाश म्हणालो, "मी जेवायला या म्हटल्याशिवाय कधी सोडलेलं नाही. तुझ्या अज्जीला विचार."

"कधीच नाही," विमला म्हणाली. "देवाशपथ खरं."

वेदश्री माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मग शब्द दिलाय," ती म्हणाली. "त्याचं पान वाढायला हवं."

मला वाटलं, थट्टा आहे. पण विमला उठलीसुद्धा. केळीचं एक पान घेतलं, मागच्या अंगणात पेरूखाली पाणी शिंपडून मांडलं. मीठ, कोशिंबीर, भात, वर कटाची आमटी, पुरणपोळी, तुपाची धार. "तूप जास्त वाढा," रामू दारातून म्हणाला, "लांबून येणार."

सगळे चहा पिऊन पांगले. जाताना प्रत्येक जण मला म्हणाला, "अण्णा, आता तुम्ही या आमच्याकडं जेवायला," आणि म्हणताम्हणता वेदश्रीकडं बघून दचकला. वकिलांनी तर लगेच दुरुस्ती केली, "म्हणजे, पुढच्या गुरुवारी."

संध्याकाळी मागं गेलो, तर पान चाटूनपुसून स्वच्छ. मिठाचा खडा तेवढा शिल्लक. आमच्या गल्लीत कुत्री आहेत, मांजरं आहेत, दुपारभर संजीवशेठचा नातूही होता. मी कुणाचंच नाव घेतलं नाही. कायदा अजून लागू होता.

वेदश्रीनं पान बघितलं. "जेवून गेला वाटतं," ती म्हणाली, आणि आत जाऊन बॅग भरायच्या आधी बराच वेळ लिहीत बसली. तो म्हातारा दरबारी अखेर बोलायला लागला होता, असं तिच्या पेनाच्या आवाजावरून वाटलं.

श्रीहर्षनं गाडी काढली. "अज्जा, चला हुबळीपर्यंत," वेदश्री म्हणाली. "कायदा उठला. करार राहिलाय. गोष्ट ऐकायची आहे."

मी पुढं बसलो. गाडीचं लोखंडी दार स्वतःच्या हातानं ओढून लावलं, काय बरं वाटलं म्हणून सांगू! अर्चना आणि वेदश्री मागं, दोघींच्या मध्ये पुस्तकांची बॅग. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. आठवडाभर दाबून ठेवलेलं खोटं असं मोकळं सुटलं, की स्कूटर बंद पडायच्या आधीच दोन वादळं आणि एक साधू येऊन गेले. वेदश्री शब्द दिल्याप्रमाणे एक अक्षर बोलली नाही. श्रीहर्ष हसत होता. अर्चना झोपली होती.

रायापूर आलं. मी नेमका तिथं पोचलो होतो, जिथं मागं खसफस होते.

आरशात दिसलं. वेदश्रीनं हळूच मधली बॅग उचलून मांडीवर घेतली, खिडकीकडं सरकली, आणि मधली जागा मोकळी करून दिली.

मी मागं वळून न बघता म्हणालो, "नीट धरून बस. पुढं खड्डा आहे."